दीड मिनिट

सेवकरामचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याची बायको उर्वशी त्याला चमच्याने पेज पाजत होती. मला पाहून तो ओशाळला.

"माहीच चूक, मॅडम. हिरवा दिवा लागाच्या आधीच दार उघडलं म्या."

"आठवतं का तुम्हाला तसं?"

"आठवत तं नाही. पण मालक म्हणते, सगळेच म्हणून राहिले."

आसगावच्या त्या राइस मिलमध्ये तो धान वाफवायच्या टाक्या सांभाळायचा. वाफ बंद केली की आतला दाब उतरेपर्यंत थांबायचं, हिरवा दिवा लागला की खालचं दार उघडायचं. किती थांबायचं हे टाक्यांना जोडलेला कंट्रोलर ठरवतो, आणि त्याचा प्रोग्राम माझा. नव्वद सेकंद, पाच ठिकाणी लिहिलेले. त्या वेळेला एक नाव द्यावं, आकडा वर एकदाच लिहावा, खाली सगळीकडे नावच वापरावं, हे मला डिप्लोमात शिकवलं होतं. पण ज्यांच्या वर्कशॉपात मी काम करते ते मनिषभाऊ म्हणाले, "पाचच जागा तं आहेत! बारसं करत बसते का?" मी हसले आणि आकडेच लिहिले.

दिवाळीनंतर मिलने मोठ्या टाक्या बसवल्या. आता अडीच मिनिटं थांबणं भाग होतं. मी प्रोग्रामात नव्वद शोधले, चार जागा सापडल्या, चारही बदलल्या. पाचवी मी विसरले होते. ती सेवकरामनेच मागून घेतली होती, माझ्या शेजारी उभं राहून: "लाइन जाऊन आली तं पुन्हा पयलेपासून दीड मिनट मोजाले लावा, मॅडम." त्याने म्हटलं तसं मी एक मिनिट तीस सेकंद लिहून टाकलं. कंट्रोलरला दोन्ही सारखंच. नव्वद शोधणाऱ्याला ते दिसत नाही.

गुरुवारी वीज गेली, आली, आणि आत दाब असतानाच दिवा एक मिनिट आधी लागला.

हे मला काल प्रोग्राम पुन्हा ओळीओळीने वाचताना कळलं. सोमवार होता. उपास सोडायचा राहूनच गेला. आज सकाळी मनिषभाऊंना सांगितलं.

"तू मले काही सांगतलं नाही अन् म्या काही आयकलं नाही," ते म्हणाले. "जा, गुपचूप दुरुस्त करून ये. सेवकरामले ते कामावरून काढूनच राहिले, तू काहून मधात पडते, तृप्ती?"

मी बॅगेत लॅपटॉप टाकला, एक कागद लिहिला आणि आधी इथे आले.

"दिवा लागला होता, सेवकरामभाऊ," मी म्हणाले. "तुम्ही पाहूनच उघडलंत. चूक माझी आहे." कशी झाली तेही सांगितलं.

उर्वशीने वाटी खाली ठेवली.

"पाच दिवसापासून मी याले कोसून राहिली. पोरीदेखत. डोये फुटले होते का म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"जाऊ दे ना वो," तो म्हणाला.

"काहून जाऊ देऊ? मॅडम, हे मालकासमोर बोलान?"

"तिकडेच निघाले आहे."

"मंग चला." तिने त्याचं तोंड पुसलं आणि पायात चपला सरकवल्या.

आम्ही बस धरली. मिलवर पोचल्यावर मी टाक्या थांबवायला लावल्या, पाचही आकडे काढून त्या वेळेला एक नाव दिलं, वर एकदाच अडीच मिनिटं लिहिली, मग आम्ही ऑफिसात गेलो. मालक यादोराव यांनी माझा कबुलीचा कागद उभ्यानेच वाचला.

"तुमच्या वर्कशॉपचं काम आजपासून बंद. अन् त्याचं... पाहू."

"पाहू नोका. लिहून द्या," उर्वशी म्हणाली.

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं. मग दोन ओळी लिहिल्या: सेवकरामची चूक नव्हती.

बाहेर येऊन तिने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"डाक्टर म्हणते, बोटं वळनार नाही आता," ती म्हणाली. "हा कागद मीच धरीन त्याच्यासमोर. वाचून तं घेईल."