जाळी काढलेली खोली

तुरुंगाच्या फाटकावरचा शिपाई "या बाई, बसा" म्हणाला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. एरवी हाच गडी तिला उन्हात ताटकळत ठेवून नखं कोरत बसायचा. आज त्याने पंखा लावला, पाणी विचारलं. इस्पितळाच्या धुलाईघरात आयुष्य काढलेल्या बाईला एवढा मान, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

भेटीच्या खोलीत तर कमालच होती. मधली जाळीच काढलेली. टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर 'कैद्यांचे हक्क' अशी चकचकीत पाटी. खिळा ठोकताना सांडलेला चुना अजून खालीच पडला होता.

धाकट्या भावाला आणलं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करायचा तो. शहराचं पाणी पिण्यालायक नाही, एवढंच त्याने लोकांना सांगितलं आणि खटल्याशिवाय आत गेला. माफीच्या कागदावर सही कर, लगेच सोडतो, असं त्याला रोज सांगत. पण पठ्ठ्या लहानपणापासूनचा हट्टी.

ती जवळ जायला गेली, तसा तो मागे सरला. उजव्या हाताची सुजलेली बोटं त्याने टेबलाखाली लपवली.

"जाळी का काढली?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत."

"माझ्या वतीने सही केलीस ना तू?"

तिने शपथा घेतल्या, तो खोलीतल्या पंख्याकडे बघत राहिला. तिला भयंकर राग आला, पण त्याचं तरी काय चुकलं? तिला स्वतःला ग्लासभर पाण्याचा संशय आला होता. इथे हक्काचं काही पदरात पडलं, की त्यासाठी कोण विकलं गेलं हे माणूस आधी शोधतो.

तेवढ्यात तुरुंगाचे साहेब एका बाईला घेऊन आले. मानवी हक्क समितीच्या, साहेबांनी ओळख करून दिली. गळ्यात बिल्ला होता, पण बिल्ले काय, छापावे तेवढे निघतात. बाईंनी भावाला काही तक्रार आहे का विचारलं. तो नाही म्हणाला आणि त्याने बहिणीकडे असं बघितलं, जणू तीही त्यांच्यातलीच.

बाई खोट्या निघाल्या तर त्याची धडगत नव्हती. पण आपण गप्प बसलो तर बहीण फितूर झाली हे त्याच्या मनात पक्कं होईल, आणि मग हा हट्ट तरी कुणाच्या जिवावर करेल? उद्या सही करून मोकळा होईल.

"माझी आहे तक्रार," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरून टेबलावर ठेवला. "इथे आला तेव्हा ही बोटं धड होती."

साहेबांचं हसू मावळलं. बाईंनी वाकून बोटं पाहिली, लिहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही राहता कुठे?"

भावाने त्याच बोटांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "ताई, सांगू नकोस."

आजच्या भेटीत पहिल्यांदाच त्याने तिला ताई म्हटलं होतं. तिला आनंदाने रडू फुटायच्या बेतात होतं. आता भ्यायचं कशाला, म्हणत तिने पत्ता सांगितला, गल्लीसकट, मजल्यासकट. बाई लिहू लागल्या. शेजारी उभ्या साहेबांनीही खिशातलं पेन काढलं.