सिमेंटची मगर

आमच्या गावच्या प्राणीबागेतली मगर सिमेंटची हाय, असा माझा पक्का संशय. सारा गाव छाती फुगवून पाव्हण्यांना दाखवतो, पण ती कधी हलंना. तीन रविवार कठड्यापाशी बसलो, खोकलो, टाळ्या वाजवल्या. रखवालदार गोपाळ म्हणायचा, "जित्ती हाय, आबासाहेब. ऊन खायलीय."

सावलीत कुठलं ऊन खाती रे?

काल पूर्णेचे व्याही बालाजीराव आले. त्यांनाबी नेलो. मगर बघून ते खो-खो हसले, "इवाई, ही तर सिमेंटची दिसायलीय!"

माझं डोस्कंच सणकलं. "तोंड सांभाळून बोला! तुमच्या पूर्णा जंक्शनात मालगाडी दिसभर हलत न्हाई, ती काय सिमेंटची हाय का?"