कवळीची साक्ष

मी एक जुनी कवळी आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो, हसा. स्वतःचे दात आहेत तोवर हसून घ्या. माझं नाव काढलं की सगळेच हसतात, मला त्याची सवय आहे.

नीट सांगायचं तर मी वरची कवळी. खालची माझी धाकटी बहीण. ती जरा सैल आहे, मालक बोलायला लागले की हलते, म्हणून तिच्या काही लक्षात राहत नाही. घरातलं सगळं बोलणं ध्यानात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मालक म्हणजे ज्यांच्या तोंडात मी राहते ते. ते परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच उंच इमारतींच्या अंधाऱ्या विहिरीत उतरून दोरखंड तपासायचे, पण तिथल्या दातांच्या दवाखान्याचा जिना चढायला मात्र घाबरायचे. तिथलं बिल आपल्याला झेपणार नाही, असं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. ऐकलं ते धरून बसले.

म्हणून माझा जन्म झाला त्यांच्या मायदेशी. सुट्टीवर आले की त्यांची निम्मी सुट्टी दवाखान्यांतच जायची. चष्मा, रक्ताच्या तपासण्या, गुडघ्याचा एक्स-रे, सगळं तिकडेच उरकून घ्यायचे. एका सुट्टीत त्यांनी उरलेसुरले दात काढले आणि पुढच्या सुट्टीत मला करायला टाकलं. दवाखान्याच्या मागच्या लहानशा खोलीत एका कारागिराने माझा साचा ओतला, मेणात एकेक दात बसवला. पुढचा एक दात त्याने मुद्दाम किंचित वाकडा लावला. अगदी सरळ दात खोटे दिसतात, असं तो म्हणाला. त्या वाकड्या दाताचा मला फार अभिमान आहे.

पहिले काही दिवस मालकांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. हिरड्या दुखायच्या, सफरचंद चावता यायचं नाही, शिंकताना मला हाताने धरावं लागायचं. मग हळूहळू आमचं जमलं. आणि जमल्यावर तर माझं कौतुक काय विचारता! परदेशात परतल्यावर सुट्टीच्या दिवशी मालकांकडे चार गाववाले जमायचे. एक क्रेन चालवणारा, एक बेकरीवाला, त्यांच्या बायका. गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी एकाच ठिकाणी यायच्या. म्हातारपण कुठे काढायचं, इथे की तिकडे? तो विषय निघाला की मालक मला फटकन काढून तळहातावर ठेवायचे आणि सगळ्यांना दाखवायचे.

"ही बघा. तिकडे केलीय. इथे हिचा भाव विचारून या, आणि मग मला सांगा कुठे राहायचं ते."

"अहो, लोक जेवतायत," असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे मालकांची बायको. साऱ्या इमारतीच्या त्या काकू होत्या.

मित्रांनो, मला आधी फार बरं वाटायचं. भर मैफलीत आपल्याला साक्षीला उभं करतात म्हटल्यावर कोणाला वाटणार नाही? पण पुढे पुढे मला ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. कारण मधल्या काळात काकूंच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायच्या. एक दिवस काम करता करता धाप लागली म्हणून खाली बसल्या, त्यांना उठताच येईना. त्याच इस्पितळाने त्यांना आत घेतलं, छाती उघडली, झडप बदलली आणि घरी पाठवलं. मालकांना खिशात हात घालावा लागला नाही, कारण त्या देशात राहण्याचा परवाना असला की दवाखान्याचं कार्ड मिळतं आणि अशा मोठ्या दुखण्याचा खर्च त्या कार्डात बसतो. तेव्हापासून काकूंना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, आणि ती गोळी कमीजास्त होऊ नये म्हणून दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. आमच्या गल्लीच्या टोकाशी दवाखाना आहे. काकू पायी जातात, तिथली नर्स बोटाला टोचते, दोघी नातवंडांच्या गप्पा मारतात आणि काकू येताना पाव घेऊन येतात.

मालक निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यभर ज्याला त्याला सांगितलं होतं, निवृत्त झालो की परत. आता क्रेनवाला रोज विचारायला लागला, मग कधी निघताय? तिकडे मालकांच्या धाकट्या बहिणीने वरच्या मजल्यावरची खोली रंगवून ठेवली. मालकांनी घरमालकाला घर सोडतो म्हणून कळवलंसुद्धा. आता फक्त परवाना परत करायचा राहिला होता. सहा महिने देशाबाहेर राहिलं की परवाना जातोच, असं सगळे म्हणायचे. शिवाय आपण होऊन परत केला तर निवृत्तीचे पैसे एकरकमी मिळतात. मग जाणारच आहे तर देऊन टाकू, असं मालकांनी ठरवलं. एकदा तो दिला की पुन्हा मिळत नाही, आणि परवाना गेला की दवाखान्याचं कार्डही जातं.

त्यांची लेक औषधांच्या दुकानात काम करते. तिला हे पटेना. तिने तिकडच्या विमा एजंटांना फोन लावले. एकाने वय ऐकून फोन ठेवला. दुसऱ्याने सांगितलं, झडपेचं काही आमच्याकडून मिळणार नाही आणि बाकीच्या आजारांचं तीन वर्षांनी बघू. लेकीने हे बापाला सांगितलं तेव्हा मालकांनी काय केलं असेल?  त्यांनी मला काढून तिच्या नाकासमोर धरलं.

अहो, मी दात आहे! मी सांगितलं तर दातांबद्दल सांगेन. हृदयाला किती खर्च येतो हे मला कसं ठाऊक असणार? पण मालक माझ्या भावावरून काकूंच्या हृदयाचा अंदाज बांधत होते, आणि मला साक्षीला बोलवून माझं मत कोणी विचारत नव्हतं. काकूंचंही विचारत नव्हतं म्हणा. म्हणजे विचारायचे, पण विचारून पुढच्या क्षणाला स्वतःच बोलायला लागायचे. काकू म्हणायच्या, "तुम्ही म्हणाल तसं." आणि भाजी निवडायला बसायच्या.

एक गोष्ट मात्र फक्त मला माहीत होती. परत जायची गोष्ट निघाली की मालक वरून मोठ्याने हसायचे आणि आतून दात करकचून आवळायचे. इतके आवळायचे की माझ्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले. आनंदाने घरी जाणारा माणूस दात असे आवळत नाही, मित्रांनो. घाबरलेला माणूस आवळतो.

परवाना परत करायचा दिवस उजाडला. सकाळी मालक बेसिनपाशी मला घासत होते. लक्ष सगळं घड्याळाकडे होतं. बेसिनमध्ये आधी पाणी भरून ठेवावं किंवा खाली टॉवेल टाकावा, हे तिकडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पण त्या दिवशी कुठलं आठवायला! मी साबणातून निसटले, कोरड्या बेसिनवर आपटले आणि मधोमध दोन तुकडे झाले. 

मालक आरशात पाहतच राहिले. ओठ आत गेलेले, गाल बसलेले. त्यांनी काहीतरी म्हणून पाहिलं, त्यातलं अक्षर कळेना. बाहेरून लेक हॉर्न वाजवत होती. शेवटी त्यांनी खालची कवळी वाटीतच ठेवली, मला रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकलं, तोंडावर मफलर घेतला आणि खुणेनेच काकूंना सांगितलं, आज तू बोल.

परदेशात आल्या दिवसापासून दोघांच्या वतीने बोलायचे ते मालकच. बँकेत, शाळेत, काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांशीसुद्धा. काकूंना तिथली भाषा येत नव्हती अशातला भाग नाही. धुलाईखान्यात त्या त्याच भाषेत हसायच्या, भांडायच्या. पण मालक बरोबर असले की त्यांच्यावर बोलायची वेळच यायची नाही.

परवान्याच्या कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, भिंतीवरच्या पाटीवर एकेक नंबर झळकत होता. आमचा नंबर आला. मी खिशात होते, तरी सगळं ऐकू येत होतं. काचेपलीकडच्या बाईने दोघांचे कागद चाळले, शिक्का हाताशी ओढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तुम्ही दोघं हा परवाना स्वतःच्या इच्छेने परत करताय ना?

मालकांनी मान डोलावली. बाई म्हणाली, मान नको, तोंडाने सांगावं लागेल. आणि तिने काकूंकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, "नाही."

बाईचा हात शिक्क्यावरच थांबला. लेक उठून उभी राहिली. काकू मालकांकडे वळल्या आणि आपल्या भाषेत बोलल्या, अगदी हळू आवाजात.

"मला भीती वाटते हो. तिकडे दर महिन्याला मला कोण नेणार? तुम्हाला काही झालं तर? मला जायचंय, मला तुमच्या बहिणीकडे राहायचंय, पण मला परत यायचंय. मी इतके दिवस बोलले नाही, कारण तुमचं आयुष्यभराचं स्वप्न मी कसं मोडू?"

मालकांचा हात खिशात आला. त्यांनी मला रुमालासकट घट्ट धरलं. आता दोनाचे चार तुकडे होतात की काय असं मला वाटलं. मित्रांनो, मी तोंडात असते ना, तर मालक त्या क्षणी नक्की काहीतरी बोलले असते. अगं, घाबरतेस काय, मी आहे ना, तिकडे सगळं स्वस्त आहे, वगैरे वगैरे. पण त्यांना बोलता येत नव्हतं. म्हणून त्यांना ऐकावं लागलं. आणि ऐकता ऐकता तो हात हळूहळू सैल झाला.

मग बोळक्या तोंडाने ते एवढंच म्हणाले, "मलाही कायमचं नाही जायचं."

मी तोंडात असतानाही ते इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते. काकू रडायला लागल्या, लेक हसायला लागली, आणि काचेपलीकडच्या बाईला काही कळेना, तरी तिने शिक्का बाजूला ठेवला. मग काकूंनीच तिला विचारलं, सहा महिने बाहेर राहिलं की परवाना जातो ना? बाई म्हणाली, तो नियम नव्याने आलेल्यांसाठी. तुम्ही इतकी वर्षं इथे काम केलंत, तुम्हाला सलग दोन वर्षंसुद्धा बाहेर राहता येतं, फक्त आधी कळवून जायचं. दवाखान्याच्या कार्डाचं तेवढं सांभाळा, वर्षातला निम्म्याहून जास्त काळ इथे घालवा. म्हणजे दर हिवाळ्यात खुशाल तिकडे जाऊन राहा.

एवढंच होतं! इतक्या वर्षांत त्या खिडकीवर हे विचारायला कोणी गेलं नव्हतं. सगळे एकमेकांना विचारत होते आणि एकमेकांचं ऐकून घाबरत होते.

तिथून निघाल्यावर लेकीने गाडी थेट दातांच्या दवाखान्याशी थांबवली. मालक जिन्यात अडून बसले. पण आज काकूंच्या तोंडाला धार आली होती, त्यांनी त्यांना दंडाला धरून वर नेलं. तिथल्या डॉक्टरने माझे दोन तुकडे जुळवून पाहिले, माझ्या वाकड्या दाताची तारीफ केली आणि उद्या या म्हणाला. पैशांचं विचारल्यावर त्याने मालकांचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. निवृत्त माणसाला कवळी करायला काय, दुरुस्त करायला काय, पैसे पडत नाहीत, असं तो म्हणाला. मालकांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं मला साक्षीला फिरवलं, आणि खटल्यात काही दमच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तोंडात बसले. टाळूवर उभी बारीक रेघ राहिलीय, पण चालायचंच. घरमालकानेही कुरकुर न करता घर राहू दिलं. राहता राहिली बहीण. तिने खोली रंगवली होती, तिला काय वाटेल, या काळजीने मालकांनी फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. 

मग बहीण म्हणाली, "सुटले रे बाबा! दादा, तू ये, दर वर्षी ये, हवं तेवढं राहा. पण वहिनीला काही झालं तर या वयात मी एकटी कुठे धावणार, या विचाराने माझ्या जिवाला घोर लागला होता. तुला नको कसं म्हणणार? म्हणून खोली रंगवत बसले."

मालक इतके हसले की मी सुटून मांडीवर पडले. काकूंनी मला उचललं, धुतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

आता माझं वय झालंय. कधीतरी नवी कवळी येईल आणि मी एखाद्या डबीत पडून राहीन, त्याचं दुःख नाही. तुमच्या घरात कोणाची कवळी असेल तर तिला हसलात तरी चालेल, पण तिला उकळत्या पाण्यात टाकू नका आणि कोरड्या बेसिनवर धुऊ नका. आणि आणखी एक सांगते. तुमच्याही घरात कोणीतरी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून गप्प बसत असेल. त्याला एकदा विचारा, तुला काय वाटतं? आणि विचारल्यावर तोंड मिटून थांबा. आमच्या मालकांना थांबायला लावायला मला मोडावं लागलं, मित्रांनो. तुमच्या घरात काही मोडायची वाट पाहू नका.