नाव नसलेली चार इंजिनं

हिलाल जॉबरच्या हाताला गुण आहे, असं सुरतेतलं सगळं लिंबायत म्हणायचं. कापडाचा एखादा लूम अडून बसला आणि कुणालाच दाद देईना, की शेठ लोक हिलालला बोलावणं धाडत. तो आधी कान लावायचा, मग हात लावायचा, आणि लूम पुन्हा खडखडायला लागायचा. अडलेलं मोकळं करणं हाच त्याचा धर्म. पोटच्या पोराशी मात्र त्याचं जे अडलं होतं, ते त्याला कधी मोकळं करता आलं नाही.

पोराचं नाव गजेंद्र. पर्वत पाटियाच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. बापाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूमवर यायला त्यानं साफ नकार दिला, तेव्हापासूनच कुरबुर सुरू झाली. त्यात त्याला विमानांचा नाद लागला. हातभर लांबीची विमानं, त्यांना मुठीत मावतील एवढी इंजिनं, आणि दर रविवारी कामरेजच्या पुढच्या मोकळ्या रानात जाऊन ती उडवायची. जुन्या बाजारातून तो असली इंजिनं हुडकून आणायचा, रात्रंदिन खरडत बसायचा. बाप येता-जाता म्हणायचा, "तुना हात कच्चा शे." गजेंद्र उलट बोलत नसे. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडून तरी मन हलकं झालं असतं.

गेल्या मार्गशीर्षात कामरेजहून परत येताना त्याच्या मोटारसायकलीला ट्रकनं मागून धडक दिली. त्यावर आता आणखी काय सांगायचं? घरात उरले हिलाल, त्याची बायको उषाबाई, आणि एका डब्यात चार इंजिनं. चारपैकी एकावरही नाव नाही, नंबर नाही, कंपनीचा छाप नाही. त्यातलं एक गजेंद्रनं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं घडवलं होतं. जायच्या आधी थोडेच दिवस तो आईला म्हणाला होता, "येक मी सोता बनाडेल शे. चालू व्हयनं का आबाले आयकाडसू." पण ते कोणतं, हे त्यानं आईला दाखवलं नव्हतं. चालू होण्याआधी बापाच्या कानावर गेलं, तर बाप पुन्हा तेच म्हणेल, ही धास्ती त्याला असावी.

उषाबाईनं ते मनात धरून ठेवलं. पोराचं इंजिन एकदा वाजलेलं ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं. देवळात गेली तरी ती तेच मागायची.

दसरा आला. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण नसतो, त्यामुळे ना तोरण ना पुरणपोळी. पण हत्याराची पूजा चुकवून चालत नाही, असं हिलालचं म्हणणं. आणि जाम झालेलं हत्यार पूजेला मांडायचं नाही, हा जॉबर लोकांचा रिवाज. पाना असो की पक्कड, दसऱ्याला ती पाण्यासारखी फिरली पाहिजे. त्यानं आपल्या हत्यारांबरोबर पोराची इंजिनंही पूजेला घेतली. त्यातली तीन इंधनातल्या एरंडेलानं चिकटून बसली होती. रॉकेलात बुडवून ठेवली, तशी सुटली. चौथं कोरडं होतं, स्वच्छ होतं, पण पिस्टन वर आला की अडायचा. हिलालनं ते उघडलं, पॉलिश पेपर घेतला आणि दुपारभर मन लावून घासलं. सारखं फिरायला लागलं तेव्हाच उठला. पोर गेल्यापासून त्याला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. चारही इंजिनांना हळदकुंकू लावून त्यानं हात जोडले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा श्रीरंग सर घरी आले. मूळचे परभणीचे, सुरतेत मुलांना मशीनचं काम शिकवतात, आणि रविवारी गजेंद्रबरोबर रानात असायचे. इंजिनाचं गजेंद्र रानातल्या दोस्तांनाही बोलला होता, आणि त्यांनी ठरवलं होतं, की श्राद्धाच्या दिवशी गजेंद्रचं विमान त्याच्याच हातच्या इंजिनावर उडवायचं. उषाबाईनं हे ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदाच समाधानानं रडली.

"पण हे चार. यातलं त्याचं कोणतं?" हिलालनं डबा पुढं केला.

"बघू या की. नाव नसलं म्हणून काय झालं? अंग सांगतं," सर म्हणाले. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि माप घ्यायचं व्हर्नियर काढलं.

पहिल्याच्या डोक्यावर प्लग नव्हता, त्याऐवजी पिळायचा आडवा स्क्रू होता. "हे डिझेल. प्लग लागतच नाही, दाबानं पेटतं." त्यांनी ते उघडलं, सिलिंडरचं तोंड मोजलं, पिस्टन वरून खाली किती जातो ते मोजलं, कागदाच्या कडेला गुणाकार केला. "दीड सीसी. जुनी देशी बनावट." दुसऱ्याला बारीक तारेचा प्लग होता आणि हवा पुढून घ्यायची सोय होती. तेही ओळखीच्या मापाचं निघालं. तिसऱ्याचं अंग साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं आणि हवा मागून घेत होतं. "हे परदेशी. साच्यात दाबून ओतलेलं." हिलाल पुढं सरकून बघत होता. ज्याला आपण खेळणी म्हणत आलो त्यात एवढी अक्कल असते, हे त्याला आज कळत होतं.

चौथं मोजलं आणि सर थबकले. पुन्हा मोजलं. "हे माप कुठल्याच कंपनीचं नाही." त्यांनी ते उजेडात धरलं. ओतीव अंगावर वाळूचे कण उठलेले होते, पायाची भोकं हातानं पाडलेली होती. "आणि हे सिलिंडर बघा. लूमच्या जुन्या शाफ्टचा तुकडा आहे हा. हेच गजेंद्रचं."

हिलालनं ते ओळखलं. हे तेच होतं, जे त्यानं दुपारभर घासलं होतं.

उषाबाईनं ते तळहातावर घेतलं, पदरानं पुसलं, सरांना परत दिलं. "आते चालू करा, सर."

सरांनी इंजिन जोडून पंखा लावला आणि बोटानं फिरवला. पंखा गरगर फिरला, फिरतच राहिला. त्यांचा चेहरा उतरला. थोडं तेल सोडून त्यांनी पुन्हा बघितलं. "नाही हो. दाबच धरत नाही. वर आल्यावर पिस्टन थोडा अडायला पाहिजे. त्या अडण्यातच याचा जीव असतो, तिथंच ते पेट घेतं. हे आपलं मोकळं फिरतंय." उषाबाईकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. पहिलंच होतं त्याचं. शेवटची घासणी चुकली. हात अजून कच्चा होता, बाकी काही नाही."

हिलालनं गप्प बसायचं ठरवलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. सर दुसरं एखादं इंजिन विमानाला लावायला घेऊन गेले असते, पोराचं नाव कच्च्या हाताचा म्हणून राहिलं असतं, आणि बापाची झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. ते नाव तर त्यानंच ठेवलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला ते सोसलं नाही.

"कच्चा नव्हता, सर," तो म्हणाला. "मी घासलं. दसऱ्याला. मला वाटलं, जाम आहे."

उषाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

सरांनी पंखा आणखी एकदा फिरवून बघितला. मग म्हणाले, "हिलालभाऊ, तुम्ही घासायच्या आधी कसं अडत होतं? हाताला कसं लागलं, आठवतंय का?"

हिलालला न आठवायला काय झालं? अख्खं आयुष्य त्याचा हातच लक्षात ठेवत आला होता. "खालून येताना लोण्यावानी यायचं. वर येता येता जड व्हायचं, थोडं थोडं करत. एकदम टोकाला धरायचं. चारी बाजूंनी सारखं, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही."

सरांनी मान खाली घातली. "मग ते बरोबर होतं. नुसतं बरोबर नाही, इतकं साधणं मला एवढ्या वर्षांत जमलेलं नाही." त्यांनी इंजिन खाली ठेवलं. "नवा पिस्टन करून बसवता येईल. मी करतो."

"नको," हिलाल म्हणाला. "मग वाजेल ते तुमचं. त्याचं नाही."

पोराचा हात कसा होता, हे जगात एकाच माणसाला कळलं होतं, आणि त्या माणसाला तो दोष वाटला होता. हिलालनं इंजिन उचललं. त्याचा अंगठा सवयीनं पंखा फिरवत राहिला, आणि पंखा कुठंच अडेना. मग तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मयताच्या दिवशीही तो असा रडला नव्हता. सर उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

उषाबाई उठली नाही, तिनं त्याला गप्पही केलं नाही. त्याचे हुंदके ओसरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आते जे सांगं, गजूना बाप, ते तेले सांगाले पायजे व्हतं."