वैशाखऱ्याची साक्ष
देवराम संस्थानात राजेसाहेबांच्या मागे बंदूक घेऊन चालायचा. लढाई लागली तेव्हा राजेसाहेबांनी पलटणीला माणसं दिली, त्यांत देवराम आणि घोड्यांकडचा गोजर दोघेही गेले. ब्रह्मदेशातून देवराम एकटाच परतला, तोही उजवा गुडघा कायमचा ताठ होऊन.

पुढे संस्थान गेलं, बायको गेली. खर्डीजवळच्या पाड्यावर तो पुतण्याच्या पडवीत राहायचा. शहाण्णव साली पुतण्याने पडवीही मागितली. शहापूरला राणीसाहेबांच्या नावाचा आश्रम निघाला होता, संस्थानच्या जुन्या नोकरांसाठी. तिथल्या कारकुनाने देवरामला चहा पाजला आणि सांगितलं, की जुनी दप्तरं वाळवीने खाल्ली. तुम्ही नोकरीत होतात, लढाईत जखमी झालात, असं सांगणारं कुणीतरी आणा.

असं माणूस एकच उरलं होतं. गोजरची बायको बाईजा. ती माळशेज घाटाच्या पायथ्याला, वैशाखरे गावात माहेरी राहायची, आणि देवराम पन्नास वर्षांत त्या वाटेला गेला नव्हता.

तीन दिवस त्याने चालढकल केली. चौथ्या दिवशी मुरबाडहून माळशेजची एसटी धरली. भर दुपारी गावात उतरून त्याने एका बाईला घर विचारलं. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं.

"बाईजाआजीनं सांगून ठेवलंय, लंगडा म्हातारा आला तर घरी आना."

कधी सांगितलं, असं त्याने विचारलं.

"मी लगीन होऊन आले तवाच."

बाईजा अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने पाणी दिलं, त्याचं काम ऐकून घेतलं, मग गोजर कसा गेला ते विचारलं. देवरामने पन्नास वर्षांपूर्वी जे निरोपात धाडलं होतं तेच पुन्हा सांगितलं: गोळी छातीत लागली, जागच्या जागी गेला. तिने कागदावर अंगठा दिला. आश्रमात बायकांनाही घेतात का, एवढंच विचारलं. तो हो म्हणून गेला.

देवरामला खाट मिळाली. दोन वेळचं जेवण मिळालं. पण फाटक वाजलं की तो उठून बसायचा. श्रावणात बाईजा गाठोडं घेऊन आली. नोकराची विधवा म्हणून तिचा हक्क होता, आणि तिच्या कागदावर साक्षीचा अंगठा कारकुनाने देवरामचाच घेतला.

रोज जेवणानंतर ती ओसरीवर त्याच्या खाटेशी येऊन बसायची. बोलायची नाही. देवरामच्या ताटात भात उरू लागला. आठव्या दिवशी त्यानेच विचारलं, काय हवंय.

"दादा, मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमच्या पलटनीतला एक जन मागून येऊन सांगून गेला. ते दोन दिस वढ्यात जित्ते होते. पान्याची बाटली तुमच्याकडं, नि तुमी रांगत निघून आलात."

देवरामने विचारलं, "मग अंगठा कशाला दिलास?"

"तुमी कुठं हाव ते कळावं म्हनून. त्या मानसाला एकच सांगता आलं नाय. ते हाका मारत होते. कुनाला?"

"मला," देवराम म्हणाला. "माझंच नाव घेत होता गो. मला आयकू येत होतं."

बाईजा उठून आत गेली. त्या रात्री देवराम जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा येऊन बसली.

"आता पयल्यापासून सांगा," ती म्हणाली.

आणि देवराम सांगू लागला.