खटका

जावई झाला म्हणून माणसांना बदडायचा परवाना मिळत नाही, पण हे ललितला सांगणार कोण? त्याचा हात जिभेच्या आधी चालायचा. परवा एका ड्रायव्हरची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं, काल पंक्चरवाल्याच्या पाठीत लाथ घातली. पंचफुलाबाई सगळं बघायची आणि पोरीकडे, दीपमालाकडे पाहून गिळायची. "जावईबापू, हात आवरा," एवढंच म्हणायची.

ललित आता ज्याचा कारभार बघायचा, ते बडनेरा रोडवरचं गॅरेज तिच्या नवऱ्याचं, मोतीरामचं. सात वर्षांपूर्वी जॅक घसरला आणि जीप त्याच्या छातीवर बसली. देवीदास मिस्त्रीनं आणि तिनं पाय धरून त्याला ओढला, तेव्हा बरगड्या पापडासारख्या वाजल्या. त्या दिवशी तिनं ठरवलं, या शटरच्या आत गाडीखाली दुसरा माणूस मरणार नाही.

म्हणून यंदा पैसे जमल्यावर गाड्या उचलायची लिफ्ट घ्यायला ती स्वतः अकोल्याला गेली. दुकानदारानं रंगीत कागद पुढे सरकवला.

"कागद राहू दे तुह्याजवळच. गाडी वर कर. मले आयकू दे."

दोन खांबांच्या मधे गाडी चढू लागली, तसं खांबांतून वाजलं. खट, खट, खट.

"हे काय वाजून राह्यलं?"

"खटका हाये, बाई. तेलाचा पाइप फुटला तरी गाडी याच्यावर अडकते. खाली येत नाई."

"मंग वाजते थेच दे."

अकोल्याच्या फिटरनं जुनी फरशी फोडून जाड काँक्रीट ओतलं. त्यावर तिनं तीन आठवडे गोणपाटं भिजवली. ललित रोज हिणवायचा, "मामी, काँक्रीट हाये का गहू पेरला?" ती म्हणायची, "बूड पक्कं होऊ द्या, जावईबापू. वरतं लोखंड हाये, खालतं मानूस."

लिफ्ट उभी राहिली. महिनाभर खटका वाजत राहिला आणि पंचफुलाबाई गल्ल्याजवळच्या खुर्चीवर लसूण सोलत निवांत बसू लागली.

गुरुवारी सकाळी एक सुमो वर चढली. देवीदासनं मान वर करून पाहिलं आणि तो मागे सरला.

"काहून थांबला बे?" ललित ओरडला.

"खटका लावा पहिले. मंग जातो."

"तू मले शिकवतं?"

ललितच्या हातातला मोठा पाना सरळ जबड्यावर बसला. देवीदासच्या तोंडातून रक्ताबरोबर एक दात फरशीवर पडला. ललितनं त्याच्या मानेला धरून त्याला गाडीखाली ढकललं.

पंचफुलाबाईच्या हातातला लसूण तेव्हा कुठं थांबला. सुमो चढली होती, आणि वाजलं काहीच नव्हतं.

"देवीदास! भाईर निंघ!"

ती धावली. वर फट्दिशी पाइप फुटला, गरम तेल तिच्या तोंडावर उडालं. तिनं देवीदासचा सदरा मुठीत धरून हिसडा दिला. छाती सुटली, पाय राहिला. लिफ्टचा लोखंडी हात सुमोसकट त्याच्या घोट्यावर उतरला आणि हाड बुटातून बाहेर आलं. देवीदास कापल्या बकऱ्यासारखा ओरडला.

शेवटी गाडी उचलली ती मोतीरामच्याच जुन्या जॅकनं. दांडा तिनंच मारला. शेजारच्या दुकानातली माणसं देवीदासला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली.

ललित जागचा हलला नव्हता. ती खांबाजवळ गेली. खटका तारेनं मागे ओढून बांधलेला होता. दुसऱ्या खांबावरही तेच.

"गाडी उतरवाले टाइम लागे, मामी," तो म्हणाला. "दर खेपेले पहिले गाडी थोडी वर घ्या, मंग खटके सोडवाले दोन दोऱ्या ओढा. मी बांधून टाकले. त्याले काय होते? थो देवीदासच सुस्त हेला हाये, लवकर निंघाले नाई पायजे?"

रक्तानं भरलेला पाना फरशीवर पडला होता. पंचफुलाबाईनं तो उचलला आणि त्याच्या उजव्या मनगटावर हाणला. मनगट मोडल्याचं तिला हाताला कळलं. तो किंचाळला, आणि डाव्या हातानं तिचा गळा आवळून त्यानं तिला खांबावर दाबलं. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण पाना सुटला नाही. दुसरा घाव कोपरावर बसला. बोटं ढिली पडली, तो गुडघ्यावर आला.

तिनं पदरानं तोंडावरचं तेल पुसलं. खांबाची तार सोडून त्याच्यापुढे टाकली.

"आयक रे, ललित. पोरगी पाह्याले आला, चहा सांडला म्हून तुह्याच लहान बहिनीच्या कानाखाली मारली तुनं. तवाच माह्या मनात खटका वाजला होता. मीच त्याले तार बांधली. जावईबापू म्हनलं, तुमी म्हनलं, आन देवीदासचा पाय गेला. आता सोडली तार. दीपमाला आजपासून माह्या घरी राहीन. तू या शटरच्या आत पाय ठेवशीन, तं थो पाय इथंच राहीन. पोलिसाले मीच सांगीन, खटका कोनं बांधला, आन तुहे हात कोनं मोडले. ऊठ, निंघ."