सुईचं भगुनं

“जाळ कमी पडू देऊ नको, गोजर. अन् मी सांगेपर्यंत झाकण उचलू नको.”

उषाबाई नर्सचा सहा वर्षांपूर्वीचा तो आवाज जालन्याच्या कोर्टात गोजरबाईच्या कानात जसाच्या तसा उमटला. आज भरपाईच्या दाव्यात तडजोड व्हायची होती आणि वकील जुना अर्ज वाचून दाखवत होते. ‘नर्सने सुई न उकळता लस टोचल्यामुळे मुलगी शिवकन्या हिचा उजवा पाय लुळा पडला...’

“उकळली व्हती की,” गोजरबाई म्हणाली. “माझ्याच चुलीवर, माझ्याच भगुन्यात. जाळ म्याच घातल्ता.”

नवऱ्याने, कचरूने, तिचा पदर ओढला. “गप ना. सायबांनी बराबर लिव्हलंय.”

“त्यास्नी असं कुणी सांगितलं?”

कचरूने तिचा पदर सोडला. तारखांना तोच एकटा यायचा. तिने फक्त पहिल्या दिवशी अंगठा दिला होता.

“बाई, आता तो मुद्दाच उरला नाही,” वकील म्हणाले. “सरकार पैसे देतंय ते सहानुभूती म्हणून. लसीमुळं झालं असं ते म्हणत नाहीत. आपणही यापुढं म्हणायचं नाही.”

“मंग कशानं झालं?”

“ते या कागदात नसतं.”

“निदान ते सुईचं खोडा.”

“ते आता खोडता येत नाही.”

बाहेर पायरीवर शिवकन्या लुळा पाय दोन्ही हातांनी उचलून सावलीत ओढून घेत होती. औरंगाबादचं तिचं ऑपरेशन पैशापायीच अडलं होतं. गोजरबाईने अंगठा दिला.

आवारातल्या लिंबाखाली उषाबाई उभी होती. साक्षीला आली होती. आता तिची गरज उरली नव्हती. केस पार पिकले होते.

“नर्सबाई, ते सुईचं... मला ठाव नव्हतं.”

“मी दर तारखेला ऐकत आले, गोजर.”

“टोचल्यानंच झालं का वो?”

“मलाही कळलं नाही गं. रोज देवापुढं बसते, तेव्हा हेच विचारते.” मग ती म्हणाली, “तुमचं गाव मला दारात उभं करत नाही. चैतात गोवर आला, दुर्गाबाईचा नातू गेला. तुझ्या धाकटीला कसली लस दिलीय का?”

कडेवरची बेबीनंदा आईच्या खांद्यावर झोपली होती. तिला एकही सुई लागली नव्हती.

“बुधवारी उपकेंद्रात आणते टोचायला,” गोजरबाई म्हणाली.

“उगं माझ्या समाधानाला म्हणू नको.”

“आणते म्हणले ना.”

बुधवारी कचरू दारातच बसला होता. “एकीनं भागलं न्हाई का तुझं? आता हिलाबी लंगडी करून आण.”

माळ्यावरून तिने ते भगुनं काढलं. शिवकन्येचा पाय गेल्यापासून त्यात काही शिजलं नव्हतं. राखेने घासून ते लख्ख केलं, देवापुढे दिवा लावला, भगुन्यावर झाकण ठेवलं.

“भगुनं कशाला गं माय?” शिवकन्येने विचारलं.

“आजबी जाळ मीच घालनार हाय.”

बेबीनंदाला कडेवर आणि भगुनं पोटाशी धरून ती उपकेंद्राच्या वाटेला लागली. दुर्गाबाईच्या दारावरून जाताना झाकण वाजू लागलं. शाईचा डाग अजून न गेलेल्या अंगठ्याने तिने ते दाबून धरलं.